मी गाळलेली ओळ

बाईंच्या घरात कागद वाचून दाखवणं हे माझं काम आहे. स्वयंपाक, झाडलोट, औषधपाणी हेही मीच बघते, पण त्यासाठी कुणीही मिळालं असतं. वाचायचं काम बाईंनी मुद्दाम माझ्यासाठी काढलं. विजेचं बिल, ग्रामपंचायतीची नोटीस, लग्नाची पत्रिका, औषधाच्या खोक्यातली बारीक अक्षरांची घडी, जे येईल ते मी मोठ्याने वाचायचं आणि बाईंनी पडवीतल्या झोपाळ्यावर बसून ऐकायचं. जिथे अडखळेन तो शब्द दहा वेळा लिहायचा. बाई चौतीस वर्षं शाळेत शिकवत होत्या, त्यामुळे या नियमाला सूट नाही.

मी सातवीतून शाळा सोडली. आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे आणि धाकट्या दोघांना सांभाळायला घरात कुणी नसायचं. आमचं गाव बीडकडे. पुढे लग्न झालं, नवऱ्याने उरणला आणलं, तिथल्या कंटेनर यार्डात त्याला काम होतं, आणि काही वर्षांनी त्याने मला तिथेच सोडून दिलं. एवढं पुरे. कुणाकुणाच्या ओळखीने मी रेवसच्या अलीकडच्या या गावात बाईंकडे आले, तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी मला आपल्या पानाशेजारी पान मांडून वाढलं. मी भिंतीकडे सरकत होते, तर म्हणाल्या, "तिथे पंखा लागत नाही. इकडे बस." ते मी विसरलेले नाही. म्हणूनच पुढचं लिहिताना हात जड होतो.

बाईंना काही होत नव्हतं, हे आधी सांगायला हवं. पोट साफ, भूक व्यवस्थित, मासळी दोन वेळा. पण त्यांची मुलगी बंगळुरूला असते, मी तिला ताई म्हणते, तिने फोनवर घोशा लावला की या वयात आतड्याची दुर्बिणीने तपासणी एकदा करून घ्यायची असते, तिच्या ऑफिसातल्या सगळ्यांच्या आईवडिलांनी केली. बाई म्हणाल्या, "माझ्या आतड्यात काय बघायचंय? सत्तर वर्षांचा भात." पण लेकीपुढे कुणाचं चालतं? अलिबागच्या एका दवाखान्यात दिवस ठरला आणि तिथून एक कागद मिळाला. आदल्या दिवशी काय करायचं, काय नाही, ते सगळं त्यावर मराठीत छापलेलं.

बाईंच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तेव्हा झालं होतं, दुसऱ्याचं राहिलं होतं. बारीक अक्षर त्यांना लागत नव्हतं. त्या झोपाळ्यावर बसल्या, मी खाली चटईवर.

"वाच."

मी वाचायला लागले. 'द्रवपदार्थ'ला अडखळले. बाई म्हणाल्या, "दहा." पुढे 'पारदर्शक'ला पुन्हा अडखळले. "वीस झाले." चुलीवर भात होता, पाणी आटत आल्याचा आवाज मला ऐकू येत होता. पुढच्या ओळीकडे नजर गेली तर तिच्यात जोडाक्षरंच जोडाक्षरं. मी ती ओळ सोडली आणि खालची वाचली. वाक्य तुटलं नाही, सूर तुटला नाही. शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाला हे फार चांगलं जमतं. बँकेत, एसटी स्टँडवर, देवळातल्या पाटीसमोर, कुठेही अवघड ओळीवरून अशी उडी मारायची की बघणाऱ्याला वाटावं ही सगळं वाचतेय. बाईंसमोर मी तसं पूर्वीही एकदोनदा केलं होतं. त्यांना कळलं नव्हतं.

वाचलेल्यापैकी मला नीट कळलं ते असं: दूध नाही, भात नाही, चोथा नाही, गाळलेलं आणि तळ दिसेल असं काहीही प्यायला चालेल. तळ दिसेल असं म्हटल्यावर मला कोकम सरबतच आठवलं. शेजारच्या आत्या दर वर्षी आगळाची बाटली देतात. आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घालून काढलेला रस, त्यात साखरपाणी घातलं की सरबत. मी ते मलमलच्या फडक्यातून तीनदा गाळलं, चोथ्याचा कण राहू नये म्हणून. काचेच्या पेल्यात ओतून खिडकीच्या उजेडात धरलं. लालभडक, पण पलीकडचा माड दिसत होता. मला बरं वाटलं.

पोट साफ करायचं औषध दोन लिटर पाण्यात कालवायचं होतं. पहिला पेला घेऊन बाई म्हणाल्या, "यापेक्षा मांडव्याला जाऊन समुद्र प्याले असते." मग प्रत्येक पेल्यामागे मी अर्धा पेला सरबत देत गेले. तोंडाला चव आली की बाई पुढचा पेला घ्यायच्या. संध्याकाळपर्यंत औषध संपलं आणि सरबतही. बाई दमून म्हणाल्या, "तुझ्या सरबतामुळे निभावलं हो." मी खूश झाले. त्या दिवशी मी किती खूश होते, ते आठवलं की आता अंगावर काटा येतो.

दुसऱ्या दिवशी तपासणी झाली. बाई गुंगीत होत्या. डॉक्टर बाहेर आले, तरुण होते, चेहऱ्यावर काळजी दिसत होती. दोन नर्स शेजारच्या टेबलाशी होत्या.

"कागद दिला होता तो तुम्ही वाचलात ना?" त्यांनी विचारलं.

"हो, मीच वाचला," मी मान ताठ करून म्हणाले. सकाळी फॉर्म भरायला मदत हवी का असं तिथल्या मुलीने विचारलं होतं, तेव्हा मी तिला जरा तोऱ्यातच सांगितलं होतं की मला वाचता येतं.

"मग काल त्यांनी काही तांबडं खाल्लं-प्यायलं नाही ना? बीट, डाळिंब, सरबत?"

पहिलं 'हो' म्हटल्यावर दुसरं उत्तर आपोआपच आलं. मी म्हणाले, "नाही."

तांबडं कशाला विचारतात ते तेव्हा मला कळलं नव्हतं, हे खरं. पण सरबत हा शब्द त्यांनी उच्चारला होता आणि मी नाही म्हटलं होतं, हेही खरं.

डॉक्टरांनी मग समजावून सांगितलं. मोठ्या आतड्यात उजव्या बाजूला एक गाठ दिसली. पिवळसर आहे, चरबीची असावी. चरबीची असली तर साधी असते, आयुष्यभर राहिली तरी काही करत नाही. पण तिच्या आजूबाजूला लालसर पाणी दिसलं. गाठीवरची त्वचा सोलवटून रक्त येत असेल तर ती काढावी लागेल. किंवा मग ती चरबीची नसेलच, दुसरं काही असेल. "दुसरं काही" म्हणताना त्यांनी आवाज खाली घेतला. मुंबईला मोठ्या दवाखान्यात पुन्हा तपासून घ्या, म्हणाले. ताईंनी फोनाफोनी केली. अकरा दिवसांनंतरची तारीख मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई झोपल्या असताना मी तो कागद काढला आणि सोडलेल्या ओळीवर बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. तांबड्या, जांभळ्या व नारिंगी रंगाची पेये सर्वथा वर्ज्य, अन्यथा आतड्यात रक्तस्रावाचा भास होण्याची शक्यता. मी ती पुन्हा वाचली. वर्ज्य म्हणजे काय ते मला पुरतं माहीत नव्हतं, पण बाकीचं कळायला तेवढं लागत नव्हतं. मी कागदाची घडी घातली आणि तांदळाच्या डब्याखाली, फळीवर पसरलेल्या वर्तमानपत्राच्या आत सारली.

बाई उठल्यावर सांगायचं असं ठरवलं होतं. बाई उठल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "तुझा शाळेचा दाखला कुठे आहे?"

मी म्हणाले, "गावाला शाळेतच असेल. मी कधी मागितला नाही."

"सतरा नंबरचा फॉर्म भरायचाय."

शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचं तर हा फॉर्म भरावा लागतो. मी कितीतरी वर्षं बाईंच्या मागे लागले होते. बाई म्हणायच्या, घाई काय आहे, आधी अपूर्णांक पक्के होऊ देत. आता त्यांनी स्वतः आमच्या गावच्या शाळेत फोन लावला आणि तिथल्या मुख्याध्यापकांशी असं बोलल्या की तो माणूस पलीकडे उभा राहून बोलत असावा. दाखला स्पीड पोस्टाने निघाला. मला चोंढी नाक्यावर नेऊन फोटो काढवला. रिक्षात बसताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. पूर्वी कधी घेत नसत.

"एवढी घाई नको बाई," मी म्हणाले. "तुमची तपासणी होऊ दे आधी."

"म्हणून तर घाई," बाई म्हणाल्या. "मी असेन नसेन, तू मार्चात पेपरला बसायचं."

तेव्हा सांगायला हवं होतं. रिक्षात आम्ही दोघीच होतो, मागच्या सीटवर. एक वाक्य पुरलं असतं. मी बाहेर बघत राहिले, आणि डोक्यात जे आलं ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही, बाईंनाही शब्दांत नाही. डोक्यात आलं की आधी फॉर्म जाऊ दे. फॉर्म गेला की सांगू.

ते दिवस बाईंचे फार वाईट गेले. रात्रीचं जेवण सोडलं. मासळीवाली हाक मारून जायची, त्या उठत नसत. शिकवायच्या मात्र दोन्ही वेळा, आणि चिडून शिकवायच्या. मला बीजगणितातलं क्ष का धरायचं तेच कळत नव्हतं, तर पेन्सिल आपटून म्हणाल्या, "धर म्हटलं की धरायचं, मला वेळ नाही." मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाल्या, "असं शिकवतात का कुणाला. उद्या पुन्हा बघू." कपाटातल्या प्रत्येक पिशवीवर काय आहे ते मोठ्या अक्षरात लिहून ठेवायला लागल्या. मी ते वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "मला नको, लेकीला लागेल."

एक दिवस शेजारच्या आत्या कुंपणाशी आल्या. त्या आगरी, तोंडाने फटकळ, पण बाईंवर जीव.

"मास्तरीन बाय, पोटान काय सापरला तुमचे?"

"गाठ," बाई म्हणाल्या.

"गाठ माजे पदराला पन हाय. सोरवाची नि गप बसाचा."

बाई त्या आठवड्यात पहिल्यांदा हसल्या. मग आत्या माझ्याकडे वळल्या. "आगळाची बाटली रिकामी परली व्हय? परवाच त भरून दिली व्हती."

माझ्या हातातलं सूप तिथेच थांबलं. बाई म्हणाल्या, "हिने मला सगळं पाजलं त्या औषधाबरोबर. फार उपयोग झाला बघ."

"मंग दुसरी देते," आत्या म्हणाल्या आणि गेल्या. बाईंच्या मनात काहीच आलं नाही. येणार कसं, ती ओळ त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. मी आत जाऊन तांदूळ पाखडत राहिले, पाखडलेलेच.

सोमवारी आम्ही इथल्या शाळेत जाऊन फॉर्मची प्रत आणि दाखला दिला. खिडकीवरच्या माणसाने शिक्का मारला. बाई मला म्हणाल्या, "सही वाचता येईल अशी कर, जन्मभर लागणारे." सोमवार गेला, मंगळवार गेला. फॉर्म गेला की सांगायचं ठरलं होतं ना? आता वाटायला लागलं की सांगितलं तर बाई फॉर्म परत मागतील. मग वाटलं, मुंबईला सगळं कळेलच, मग मी कशाला. माणूस स्वतःला काय काय सांगतो. तिकडे मुंबईच्या दवाखान्यातून ताईंना विचारलं होतं की रक्त येतंय तर त्याच वेळी गाठ काढायची तयारी ठेवायची का. ताई फोनवर रडल्या. फोन स्पीकरवर होता.

बुधवारी दुपारी मुंबईच्या दवाखान्याचा कागद आला. ताईंनी फोनवर पाठवला होता, मी नाक्यावरून छापून आणला. बाई झोपाळ्यावर, मी चटईवर.

"वाच."

कागद दुसऱ्या दवाखान्याचा, पण मजकूर जवळपास तोच. मी वाचत गेले. 'द्रवपदार्थ' नीट म्हटलं, 'पारदर्शक' नीट म्हटलं. आणि मग ती ओळ आली. या वेळी ती गाळायचं धैर्य मला झालं नाही, एवढंच. मी ती वाचली. तांबड्या, जांभळ्या व नारिंगी रंगाची पेये सर्वथा वर्ज्य, रक्तस्रावाचा भास होण्याची शक्यता.

झोपाळा थांबला.

"पुन्हा वाच ती."

मी पुन्हा वाचली.

"सर्वथा वर्ज्य," बाई म्हणाल्या. "रक्तस्राव. ही ओळ तू अडखळल्याशिवाय कशी वाचलीस?"

त्या आठ वर्षं माझं वाचन ऐकत होत्या. माझी जीभ कुठल्या अक्षराला अडते ते माझ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत होतं.

"पहिल्या कागदात होती?"

"हो."

"तू वाचली नव्हतीस मला."

"गाळली होती."

मग मी उठून तांदळाच्या डब्याखालून तो पहिला कागद काढून आणला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो उघडला नाही. घडीवर हात ठेवून बसल्या.

"डॉक्टरांनी विचारलं होतं तुला? सरबताबद्दल?"

"हो. मी नाही म्हणून सांगितलं."

"आणि तुला कधी कळलं?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी. तुम्ही झोपला होता तेव्हा."

बाईंनी अंगठ्याने बोटांची पेरं मोजली. मोजताना एका पेरावर अंगठा थांबला. तो सोमवार होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला कळलं की त्यांना कळलं. तो प्रश्न त्यांनी विचारला नाही. विचारला असता तर मी रडून मोकळी झाले असते.

"डॉक्टरांना फोन लाव," त्या म्हणाल्या. "तू बोलायचं. मी नाही."

मी अलिबागच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं, कोकम, तीनदा गाळणं, 'नाही' म्हणणं. ते म्हणाले, "अहो, तुमच्या एका 'नाही'वर आम्ही रक्त धरून चाललो." पण मुंबईची तारीख रद्द करू नका, म्हणाले, गाठ एकदा स्वच्छ बघायलाच हवी. ते मुंबईला कळवतो म्हणाले. ताईंना बाईंनी स्वतः सांगितलं. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, बाईंनी त्या दिवशी दार लावून घेतलं होतं. ताई विमानाने थेट मुंबईला आल्या आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांचं काही चुकलं नाही.

मांडव्याहून आम्ही बोटीने गेलो, आदल्या दिवशीच. ताईंनी घेतलेल्या खोलीत बाईंना पुन्हा ते दोन लिटर प्यावं लागलं. हा त्रास त्यांना माझ्यामुळे दुसऱ्यांदा होत होता आणि पेला भरून देणारीही मीच होते. नारळपाणी दिलं, साखरपाणी दिलं. बाईंनी तक्रार केली नाही आणि समुद्राचा विनोदही केला नाही.

तपासणी झाल्यावर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ताईंना आणि मला फोटो दाखवला. गाठ पिवळी, गुळगुळीत, आवळ्याएवढी. त्यांनी दुर्बिणीतून चिमट्याने दाबून बघितली होती, तर उशीसारखी दबली आणि सोडल्यावर पुन्हा फुगली. चरबीची गाठ अशीच असते, म्हणाल्या, काही जणांच्या पाठीवर असते, दंडावर असते, तशी यांच्या आतड्यात आहे. रक्त कुठेच नाही. काढायची गरज नाही, पोट दुखलं किंवा खरंच रक्त दिसलं तरच यायचं. माझ्या वडिलांच्या पाठीवर तशी गाठ होती, आम्ही लहानपणी ती दाबून हसायचो. ते मला तिथे आठवलं.

परत येताना बोटीत मी बाईंना म्हणाले, "फॉर्म मागे घेऊ या."

"कुणाचा?"

"माझा. तो तुम्ही घाबरून भरला होता."

बाई पाण्याकडे बघत होत्या. "भरला घाबरून," त्या म्हणाल्या, "पण तो भरायला मी पाच वर्षं उशीर केला होता, ते घाबरून नव्हतं. आळस होता माझा. तू तुझं बघ, मी माझं बघते." मग जरा वेळाने, "ते नऊ दिवस मात्र तू मला परत द्यायला पाहिजे होतेस."

मी त्यांच्या पायाशी ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

पुढच्या महिन्यात बाईंच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, नवा चष्मा आला. त्यानंतर घरात येणारा प्रत्येक कागद बाई स्वतः वाचायला लागल्या. औषधाच्या खोक्यातली घडीसुद्धा, उजेडाकडे धरून. माझा अभ्यास घ्यायच्या, गणित शिकवायच्या, आता सावकाश, पूर्वीसारखं. पण "वाच" म्हणाल्या नाहीत. मी विजेचं बिल टीपॉयवर ठेवायची आणि झोपाळ्याजवळ चटई झाडायच्या निमित्ताने उभी राहायची. त्या बिल वाचून घडी करून ठेवायच्या. मला कुणी ओरडलं असतं तर सोपं गेलं असतं.

गेल्या आठवड्यात गावातल्या लग्नाची पत्रिका आली. बाईंच्या डोळ्यांवर चष्मा होता. त्यांनी पत्रिका उलटसुलट करून बघितली आणि माझ्यापुढे धरली.

"वाच."

मी चटईवर बसले. कुलदैवतं वाचली, दोन्हीकडच्या आजोबांची, काकांची नावं वाचली, 'शुभाशीर्वाद'ला अडखळले, 'स्नेहांकित'ला अडखळले. बाई म्हणाल्या, "वीस." लग्नस्थळ वाचलं, चिमुकल्यांचा आग्रह वाचला. सगळ्यात खाली मुंगीएवढ्या अक्षरात छापखान्याचं नाव होतं, नाक्यावरचा पत्ता होता, आमच्याकडे सर्व प्रकारची छपाई केली जाईल असं होतं. तेही वाचलं.

"तेवढं नसतं वाचलं तरी चाललं असतं," बाई म्हणाल्या.

"असू द्या," मी म्हणाले, आणि वही आणायला उठले.